गाडीने जपलेला वेग

वर्धा, मंगळवार, सायंकाळ

माझी पत्नी सुनंदा गेल्यापासून तिची हायब्रिड गाडी उभीच होती. मुलीला ती आता न्यायची आहे, म्हणून आज सेलूचा मेकॅनिक प्रकाश आला. त्याने स्कॅनर जोडला. "सर, मोठ्या बॅटरीचा कोड येऊन राह्यला."

बिघाडाचा असा कोड नोंदवताना गाडी त्या क्षणाचे आकडेही साठवते, हे मला आज कळले. इंजिनाचे तापमान, वेग. वेग बेचाळीस. सावंगीहून परतताना तिने गाडी शेवटची चालवली, तेव्हाचा. त्यानंतर गाडी कोणीही हलवलेली नाही.

बेचाळीस. रस्ता मोकळा असला तरी ती पन्नाशी ओलांडत नसे.

"कोड पयले मिटवून पाहू," प्रकाश म्हणाला. "परत आला त बॅटरी गेली समजा. नाई आला त गाडी मॅडमसाठी रुसली असन."

"मिटवल्यावर ते आकडे राहतात का?"

"नाई सर, सारंच साफ होते. काऊन पाहिजे तुमाले?"

स्कॅनरच्या पडद्याचे छायाचित्र घेता आले असते; परंतु माझ्या फोनमधील बेचाळीस आणि तिच्या गाडीतील बेचाळीस, हे एकच कसे? आणि हे प्रकाशला कोणत्या शब्दांत...

तो बटणावर बोट ठेवून थांबला होता.

"मिटवा," मी म्हणालो.

"पाहा सर, गेला!" तो आनंदला. मी त्याचे रीतसर आभार मानले.

कोड परत यावा, असे आता वाटते आहे. आणि परत आला, तरी त्यातला वेग तिचा नसेल.