थोरलीचं ताट

६ एप्रिल, रविवार

पोचले. सामान लागलं, पंखे फिरतात, नळाला पाणी आहे, वरच्या खोलीच्या खिडकीतून गुलमोहर दिसतो. आज मी खूश आहे हे लिहून ठेवते, सांगलीत ते किती दिवस टिकेल सांगता येत नाही. साताऱ्यात एप्रिलच्या संध्याकाळी माणूस गच्चीवर वारा घेत बसतो. इथे वारा नावाची वस्तू अजून पोचलेली दिसत नाही. बँकेने बढती दिली आणि सोबत हा तवा दिला.

पण विश्रामबागेतला बंगला मात्र नीटनेटका आहे. बँक चालत जाण्याच्या अंतरावर. मालकीण अंजनाकाकू, निवृत्त शिक्षिका, नवरा वारलेला, मुलगा बेंगळुरूला. त्या खाली राहतात, वरची खोली माझी. आल्या आल्या वाटीभर भडंग पुढे ठेवला आणि मी पहिला घास घेईपर्यंत तोंडाकडे बघत बसल्या, जणू त्यांनीच तो शोधून काढला. मी छान म्हटलं. कुरमुरे आहेत, किती छान असणार?

आणि मांजरं. सोफ्यावर मांजर, फ्रिजवर मांजर, देवघरासमोर मांजर. एका गलेलठ्ठ बोक्याचं नाव कलेक्टर. एकीचं सोनपापडी. अडतीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलेली बाई बोक्याला "माज्या शोन्या" म्हणते.

रोजनिशी चालू ठेवणार. या गावात बोलण्याजोगं माणूस भेटेपर्यंत हीच बरी.

८ एप्रिल, मंगळवार

सुनेचे दिवस भरत आलेत, म्हणून काकू उद्या बेंगळुरूला निघाल्या. मांजरांना आपण घालाल का, असं अगदी लाजत विचारलं. मी हो म्हटलं. एवढं घर एकटीला मिळतंय, चार वाट्या भरायला काय जातं?

चार वाट्या कसल्या! आज संध्याकाळी शिकवणी झाली. नुसते कोरडे दाणे घातले तर मांजरं पाणी कमी पितात आणि लघवीचा त्रास होतो. नुसतं ओलं घातलं तर दातांना चिकटतं आणि पाकिटं संपता संपत नाहीत. म्हणून खाली कोरडे दाणे, वर पाकिटातला ओला रस्सा, थोडं कोमट पाणी आणि हलकेच कालवायचं, दाण्यांचा कुरकुरीतपणा पुरता जाऊ द्यायचा नाही. उन्हाळ्यात ओलं आंबतं, तेव्हा उरलेलं लगेच उचलायचं. हे सगळं त्यांनी फळ्यासमोर उभ्या असल्यासारखं सांगितलं. मी मान डोलावली. माझ्या आईने माझ्या जेवणाचा इतका विचार कधी केला नव्हता.

मग मला मागच्या अंगणात नेलं. तिथे धुण्याच्या दगडामागे पाण्याची टाकी आहे, चार बुटक्या खांबांवर. टाकीखाली अंधार. तिच्यासमोर मोठं स्टीलचं ताट.

"हे थोरलीचं," काकू म्हणाल्या. "हिचं तेवढं हाताने कालवायचं. चमचा नको, हातमोजा नको. हाताचा वास लागतो तिला."

थोरली कुठाय म्हटलं, तर म्हणे ती दिसायची नाही, बुजरी आहे. हे सांगताना त्यांनी डावा हात पदरात घेतला. त्या हाताच्या दोन बोटांची पेरं नाहीत. मिक्सरमध्ये गेली म्हणे. मांजरांपुढे बाईचं मिक्सरकडेही लक्ष नसणार.

११ एप्रिल, शुक्रवार

काकू गेल्या. घर शांत. बँकेत मात्र माझ्या हाताखाली जी मंडळी आहेत, त्यांना घाई हा शब्द माहीत नाही. आणि माझा साहेब, शाखाधिकारी राजवर्धन, दिवसातून तीनदा उसाचा रस मागवतो आणि प्रत्येक वेळी मला आग्रह करतो.

मांजरं खातात. ओलं-कोरडं कालवून मी त्यांच्यापुढे सारते आणि ती माझ्याकडे न बघता खातात. हे मात्र आवडलं. लाडीगोडी नाही, कामाशी काम.

थोरलीचं ताट मी चमच्यानेच कालवलं. तो रस्सा माशाच्या पाण्यासारखा वास मारतो. बँकेत फायलींना हात लावायचा असतो मला. तीन दिवस झाले, ताट जसंच्या तसं. बहुधा थोरली नावाचं मांजर कधीच मेलं असावं आणि काकू अजून ताट वाढत असाव्यात. एकट्या बायका असं करतात.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. झुबेदाबाई धुणंभांडी करायला आल्या आणि ताट बघून तिथेच उभ्या राहिल्या. हात का घातला नाही म्हणून मलाच जाब. मी म्हटलं, बाई, मांजराला हात आणि चमचा यातला फरक कळत नाही.

"आवं ताई, मांजराला न्हाई कळत," त्या म्हणाल्या. "हिला कळतंय."

मग ऐकावं लागलं. पुराच्या साली काकू नदीकाठच्या गावभागात राहायच्या. पाण्यात अडकलेली मांजरं होडीतून टोपलीत घालून आणायच्या. "एक टोपली लय जड हुती. माज्या पोरानं, तारिकनं उचलली तवा आतनं पानी गळत हुतं. वर फडकं हुतं, ते काय आमी काडलं न्हाई." तीच ही थोरली, तेव्हापासून काकूंनी तिला हाताने कालवून घातलं. एकदा काकू तापाने पडल्या, दोन दिवस ताट गेलं नाही. तिसऱ्या दिवशी थोरली ताटापाशी थांबली नाही, हाताकडे आली. मिक्सरबिक्सर काही नाही म्हणे.

मी सरळ हसले. कोल्ह्याने चावलं असेल, उदमांजर असेल, म्हणून सांगितलं. झुबेदाबाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जशा अडाणी बायका डॉक्टरकडे बघतात. मला वाईट वाटलं नाही. ताटात मी नुसते कोरडे दाणे ओतून ठेवले. आंबणार नाहीत, मुंग्या लागणार नाहीत, कटकट मिटली.

एक गोष्ट खरी, टाकीखालची जमीन ओली आहे. टाकी गळत असणार. प्लंबरला सांगायला हवं. इतक्या उन्हातही तिथे नदीच्या गाळाचा वास येतो.

१७ एप्रिल, गुरुवार

कलेक्टर दोन दिवस दिसला नाही. बोका आहे, गेला असेल गल्ल्या पालथ्या घालायला. पण सोनपापडी आणि बाकीची आता मागच्या अंगणात जात नाहीत. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की सगळी हॉलच्या सोफ्याखाली. मांजरांच्या धैर्याबद्दल काय काय लिहितात लोक. उंदराएवढंही नाही.

ताटातले दाणे कमी झालेले नाहीत. पण भोवती विखुरलेत. एकेक दाणा तोंडात घेऊन थुंकल्यासारखा, ओला.

झुबेदाबाई शनिवारपासून कुंडलला जाणार, बहिणीच्या मुलीचं लग्न. जाताना हात धरून म्हणाल्या, एवढं कालवा. हात धरायची काय गरज? सोडवून घेतला.

२० एप्रिल, रविवार, दुपार

हे नीट लिहायला हवं. उगाच घाबरल्यासारखं वाटू नये.

जेवून पडले होते. बाहेर एक माणूस नाही, एक पाखरू नाही, नुसतं ऊन. आणि मागच्या अंगणातून काकूंचा आवाज आला. "या गं बाळांनो, मंमं करायला या." अगदी त्यांचा. तोच लाडिक हेल, "बाळांनो"वर तोच चिरका सूर.

मला वाटलं काकू न सांगता परत आल्या. रागच आला. मागचं दार उघडलं. अंगणात कुणी नाही. आवाज टाकीखालून येत होता.

तिथेच उभं राहून मी काकूंना फोन लावला. उचलला. मागे बाळ रडत होतं. आणि समोर टाकीखालून काकूच मला बोलावत होत्या.

मी काही बोलायच्या आधीच फोनवरच्या काकूंनी विचारलं, हातानेच कालवता ना? मी हो म्हणणार होते. तेवढ्यात त्यांनी फोनमधून तो आवाज ऐकला. स्वतःचा. मग म्हणाल्या, "हाताची ओळख असली की ती ताटाशी थांबते. नसली की माणसाशी येते. घरातून निघा, उत्कर्षा. आत्ता निघा. मी रात्रीच्या गाडीने येते."

इथे मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच. निवृत्त शिक्षिकेच्या सांगण्यावरून मी भर दुपारी स्वतःच्या घरातून पळणार? मी म्हटलं, कालवायचंच आहे ना, कालवते. पाकीट फोडलं, दाण्यांवर ओतलं, हाताने कालवलं. किळस येत होती. ताट सरकवायला वाकले.

जीभ आली. टाकीखालून आधी जीभ आली. मांजराच्या जिभेसारखीच खरखरीत, पण माझ्या तळहाताएवढी रुंद. बोटांवरचा रस्सा तिने सावकाश चाटला. एकेक बोट. मी हलले नाही, हलता येईना. मग दात लागले, हळूच. आंबा पिकलाय का ते दाबून बघावं तसे.

हात खेचला. कातडी तिथेच राहिली. फोनही तिथेच पडला.

वर पळाले. खोलीला कडी लावली. मागचं दार उघडंच राहिलं, आत्ता लिहिताना आठवलं.

२० एप्रिल, पुन्हा

टॉवेल बांधलाय. रक्त थांबलंय असं वाटतं.

खिडकीतून ओरडले. शेजारचे महाबळेश्वरला गेलेत. पलीकडे क्लास आहे, रविवारी बंद. तरी ओरडले, वाचवा म्हणून. रस्त्यावरून सायकलवर एक म्हातारा चालला होता, त्याने वर बघितलं. तेवढ्यात खालून, स्वयंपाकघरातून, माझाच आवाज आला. "वाचवा." मग पुन्हा, जरा हसल्यासारखा. "वाचवा." म्हाताऱ्याला वाटलं बायका थट्टा करतायत. मान हलवून गेला. मूर्ख.

आता ओरडत नाही. जितकं बोलेन तितकं शिकेल.

खाली ओलं काहीतरी फरशीवर ओढलं जातंय. थांबतं. पुन्हा.

मांजरांचा आवाज नाही. एकीचाही नाही.

२१ एप्रिल, सोमवार, सकाळ

उजाडलं. गुलमोहर तसाच. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड तसेच राहिलेत. कुणीतरी कुठेतरी रेडिओ लावलाय. एवढं सगळं चालू आहे आणि मी इथे—

गाळाचा वास दाराच्या फटीतून येतो.

बँकेत मी गेले नाही म्हणून राजवर्धन फोन करेल. फोन अंगणात वाजेल. कदाचित ती उचलायलाही शिकेल. असलं विनोदी सुचतंय.

काकू दुपारपर्यंत येतील. तोवर—

फाटक वाजलं.

झुबेदाबाई. हातात पिशवी, लग्नातले लाडू असणार. मला द्यायला आणलेत. मी त्यांच्याशी कधी धड—

खालून माझा आवाज. "या हो झुबेदाबाई. मागच्या दारानं या. बसा, चहा घ्या." गोड. इतकी गोड मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन.

त्या वळल्या. बोळातून मागे चालल्यात—

ओरडले. "जाऊ नका! आत मी नाही!"

थांबल्या. वर बघतात. खालून लगेच, "अहो, या ना." आवाज एक. दोन्ही माझे. त्या एकदा खिडकीकडे बघतात, एकदा दाराकडे. हसतायत. वाटतंय मी चेष्टा—

पुन्हा पाऊल टाकलं मागच्या दाराकडे.

मग जे तोंडात आलं ते ओरडले. "अक्कल आहे का तुम्हाला? बहिऱ्या आहात? माझं घर आहे, चालत्या व्हा! निघा म्हटलं ना, निघा!"

त्यांचं हसणं गेलं. ओळखलं. माझाच आवाज ओळखला. पिशवी टाकली, लाडू फरशीभर, पळाल्या. फाटक उघडं टाकून पळाल्या. रस्त्यावर पोचल्या. तिथे माणसं आहेत, त्या काहीतरी सांगतायत, हात करून वर दाखवतायत—

शहाणी बाई.

खाली आवाज थांबला.

आता कुणाला बोलावत नाही. जिन्यावर ओलं काहीतरी. एक पायरी. थांबते. वास घेते. मी टॉवेल सोडून खिडकीबाहेर फेकला, वास तिकडे जाईल म्हणून, पण हात तर—

कडी हलते. जोराने नाही. पंजाने. मांजर दार उघडायला मागतं तशी.

बाहेरून माझ्या आवाजात, अगदी हळू, मी साताऱ्याला आईला हाक मारते तशी—

रस्त्यावरून माणसं येतायत, फाटकातून आत, झुबेदाबाई पुढे, हातात काठी, मी त्यांना थांबा म्हणायला हवं, थांबा, वर येऊ न—