अंगणकामासाठी किल्ट

शुक्रवार, ३ मे १९९६
आज बुद्धपौर्णिमा. सकाळी वंदना झाली, खीर झाली. दुपारी कुंपणाच्या जाळीपलीकडे आमचा स्कॉटिश मॅकलीनसाहेब किल्ट, त्यांच्या पुरुषांचं ते चुण्यांचं नेसण, घालून टोमॅटोला पाणी घालताना दिसला. गुडघ्याखाली मोकळी हवा. चेहऱ्यावर केवढी शांती. आणि मी इकडे फुलपँटीत उकडून निघतोय.
नऊ वर्षं याच्या हाताखाली बहरीनच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात, पॉटलाइनच्या भट्ट्यांवर काढली. हा मला सॅम म्हणतो. समाधान म्हणायला जीभ वळत नाही असं नाही, कधी घरी चहाला आलाच नाही तर वळणार कशी. अंगणात आपण दोघं किल्टमध्ये दिसलो की तो आपणहून येईल.
निश्चय : किल्ट घेणे. हलका, धुता येणारा, स्वस्त.

शनिवार, ४ मे
घरात लुंगी बंद. परदेशात राहून गावंढळपणा नको. दोन्ही लुंग्या बाळाजीला देऊन टाकल्या. हा गुहागरचा, साहेबाची गाडी चालवतो, मागच्या खोल्यांत राहतो. म्हणाला, दादा, चांगल्या हायत की, कशाला देताय? निळीवर माझ्याच हातून इस्त्रीचा तिकोनी डाग पडलाय, तरी घेतली. गरिबाच्या उपयोगी पडलो. बरं वाटलं.

गुरुवार, ९ मे
बाब अल बहरीनच्या बाजारात गेलो. एका मोठ्या दुकानात विलायती किल्टची चौकशी केली. मागवावा लागेल म्हणाले. लोकरीचा. वजन आमच्या गोधडीएवढं आणि किंमत अशी की तेवढ्यात आमची बायको जागृती मुंबईला जाऊन येईल. बहरीनमध्ये मे महिन्यात लोकर नेसणारा माणूस अंगणात नाही, हॉस्पिटलात दिसेल.
मग कापडगल्ली. एक टेरिकॉट चौकडा नजरेत भरला. हिरवा-निळा, मध्ये पांढरी रेघ. दुकानदार म्हणाला, सबसे ज़्यादा यही चलता है, साहब, कितना भी धोओ. म्हणजे स्कॉटिश लोक इथूनच नेत असणार. घेतलं.
जमालुद्दीन टेलरकडे टाकलं. चुण्या सांगितल्यावर म्हणाला, बेबी को साथ लाना था, नाप के लिए. मी म्हटलं, नाप मेरा लो. त्याने बराच वेळ टेप गळ्यातून काढलाच नाही.

शुक्रवार, १७ मे
किल्ट आला. फिटिंग उत्तम. आरशासमोर उभा राहिलो तर श्रावस्ती मागून म्हणाली, बाबा, दॅट्स माय युनिफॉर्म.
कपाटातून स्कर्ट काढून शेजारी धरला. रेघसुद्धा तीच.
रोज सकाळी ही पोर माझ्यासमोरून व्हॅनमध्ये चढते आणि मला दिसलं नाही. पण बारकाईने पाहिलं तर माझी हिरवी छटा किंचित गडद आहे. जागृती म्हणते, न धुतलेलं कापड गडदच असतं.
जागृती आणखीही म्हणाली. तुमच्या वडिलांची हयात गेली मुलांना फुलपँटीत बघायला, आणि तुम्ही चालला उलटे. मी चुण्या नीट करून घेतल्या. उत्तर उद्या.

शुक्रवार, २४ मे
पहिलं अंगणकाम. वांग्याची आळी खणायची तर उकिडवं बसावं लागतं. किल्टमध्ये उकिडवं बसता येत नाही. वाकून खणलं, कंबर धरली. लिंबाच्या काट्यांनी पोटऱ्या सोलल्या. पाइपचं पाणी चुण्यांत शिरलं आणि चुण्या पायाला चिकटल्या. पुढे लटकवायला विलायती पाकीट नाही म्हणून डब्याची पिशवी बांधली होती, तिच्यात खुरपं. बसताना टोचलं.
साहेब गावाला गेला होता. एवढं सगळं फुकट.
मॉडेल चांगलं आहे, सवय लागायला वेळ लागतो.

गुरुवार, ६ जून
साहेबाला उद्या चहाचं सांगितलं. इंशाल्ला म्हणाला. स्कॉटिश माणूस इंशाल्ला म्हणतो म्हणजे येतोच. जागृतीला कांदाभजी सांगितली. तिने चणाडाळ भिजत घातली आहे, वडे करणार म्हणते. वाद नको.

शुक्रवार, ७ जून
लिहिण्यासारखं नाही, तरी लिहितो.
चार वाजता किल्ट घालून पाइप घेऊन उभा. दुपारपासून शमाल, इथला वाळूचा वारा, सुटला होता. वाळू डोळ्यांत. साहेबाची वाट पाहत फाटकाकडे तोंड करून थांबलो, तर फाटकातून श्रावस्तीची मैत्रीण श्रेया आली, वही घ्यायला. नेमका तेव्हाच वारा खालून शिरला. एका हातात पाइप, दुसऱ्यात साहेबासाठी तोडलेली वांगी. किल्ट धरायला हात नाही. आत हाफचड्डी होती, एवढंच काय ते नशीब.
श्रेया म्हणाली, अंकल, व्हाय आर यू वेअरिंग अवर युनिफॉर्म? आणि वही न घेता पळाली.
श्रावस्ती खोलीचं दार लावून रडत बसली. उद्या शाळेला जाणार नाही म्हणते. मी दाराबाहेरून सांगितलं की स्कॉटलंडात राजेसुद्धा हे घालतात. आतून म्हणाली, देन गो टू स्कॉटलंड.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. पोरीला बापाची लाज वाटावी असं मी आजवर काही केलं नव्हतं.
साहेब आला नाही. वडे आम्हीच खाल्ले. श्रावस्तीसाठी चार झाकून ठेवले आहेत.

शुक्रवार, १४ जून
सकाळी जाळीपलीकडून हाक आली. सॅम! साहेब भेंडी तोडत होता. लुंगीत. निळ्या. मांडीजवळ तिकोनी डाग.
म्हणाला, तुझ्या मित्राने दिली, बाळाजीने. अंगणकामासाठी याच्यासारखी वस्तू नाही. हलकी, लगेच वाळते, बसता येतं, आणि किंमत काहीच नाही. किल्ट आपला लग्नाकार्याला ठीक. मेमध्ये तो घातला होता तेव्हा धुतलेल्या पँटी वाळत होत्या, म्हणून. गेल्या शुक्रवारी बाळाजीकडेच चहाला बसलो होतो, वारा होता ना. तुझं बोलावणं डोक्यातून गेलं, सॉरी. मग म्हणाला, अशी आणखी एक कुठे मिळेल? तुमच्याकडे सगळे वापरतात ना?
मी म्हटलं, आमच्याकडे नाही वापरत.
घरात आलो. जागृती किल्ट उसवत बसली होती. म्हणाली, श्रावस्तीचे दोन स्कर्ट निघतील. आतून आवाज आला, आय डोन्ट वॉन्ट देम.
संध्याकाळी बाळाजीकडे गेलो. दुसरी लुंगी त्याच्याच कमरेला. बसा दादा, म्हणाला, चहा टाकतो. साहेबाच्याच खुर्चीवर बसवलं. गणपतीला गावाला चाललोय, तुमच्यासाठी एक लुंगी आणू काय?
मी म्हटलं, छे, मला काय करायची आहे. पाहुण्यांसाठी लागते कधी कधी.
दोन आण म्हटलं.