पॅनेलऐवजी माझी आरती

नानाखेडा, उज्जैन
दसरा

तीर्थस्वरूप भय्यासाहेबकाकांना सौमित्रचा साष्टांग नमस्कार. (लिहितोय खुर्चीत बसून, तेव्हा साष्टांग हे भावनेपुरतं घ्यावं.) ग्वाल्हेरच्या हवेत गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक. अगदी ठीक म्हटलं तर ते खोटं होईल.

तुम्ही बिस्किट कारखान्यातून निवृत्त झालात, तरी वीज विभागात अजून तुमचाच शब्द चालतो. तुमचा चेला दिलीप दर खंडेनवमीला मुख्य पॅनेल चालू ठेवून दार उघडतो, आत कुंकू लावतो, हार घालतो. सुरक्षा अधिकारी म्हणून मी समजावलं, की हारातली जरीची तार तांब्याच्या पट्ट्यांवर पडली तर हात न लावताही आगीचा लोळ तोंडावर येतो; आधी मेन बंद, त्याला कुलूप, मग तपासणी, मग पूजा. तो म्हणाला, "सर, सोये हुए देवता को हार चढ़ाओगे? भय्यासाहेब तो चालू लाइन पे उदबत्ती घुमाते थे."

काल भट्टीत बिस्किटं होती, म्हणून मॅनेजरने वीज बंद करू दिली नाही. मग मी भडक्यापासून वाचवणारा जाड पोशाख चढवला, काचेचा टोप घातला आणि पॅनेलच्या मिटलेल्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसलो. (हा सत्याग्रह की नुसता हट्ट, माझं अजून ठरलेलं नाही.) तेवढ्यात पॅकिंगच्या बायका ताट घेऊन आल्या. त्यांना वाटलं, यंदा मूर्ती बसवली आहे. एकीने काचेवर कुंकू लावलं, दुसरीने हार घातला, गुरुजींनी आरती सुरू केली. मी आतून ओरडलो, तर त्यांनी टाळ्या वाढवल्या. कुंकवामुळे दिसेना, आणि नारळ कुठे फोडणार या काळजीने मी घामाघूम. दार मात्र उघडलं नाही. देवाने स्वतःचाच प्रसाद खावा का, यावर डायरीत दीड पान लिहून झालं आहे. (खाल्ला.)

दिलीप म्हणतो, राहिलेलं कुंकू दिवाळीला लावीन. तेव्हा मी सुट्टीवर आहे.

विनोदिनीकाकूंना नमस्कार.
तुमचा सौमित्र

ता. क. तुमची डावी भुवई भुईनळ्याने गेली, असं सगळा कारखाना मानतो. काकू म्हणतात, तेव्हा चैत्र होता आणि तुम्ही ड्यूटीवर होतात. दिलीपला फोन करून खरं सांगाल का? माझं तो ऐकत नाही, आणि त्याच्या दोन्ही भुवया अजून आहेत.

ता. क. दुसरा. फोन केलात तर दिवाळीनंतर भुईनळे घेऊन मी स्वतः येईन. तुम्ही लांबूनच बघायचे. उजवी भुवई अजून शाबूत आहे.