चेंडू सुटला होता का?

रविवार, संध्याकाळ

सोसायटीने मला अमेरिकन फुटबॉलचा पंच केलं आणि शिट्टी दिली ती वॉचमनची, उष्टी. इतिहासाने हा अन्याय नोंदवावा.

चेंडू हातातून सुटल्यावर क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, धडकायचं नाही, हा नियम. आमचे क्वार्टरबॅक शेजारचे कुलकर्णी. पहिल्या धडकेला मी किळस येऊन शिट्टी वाजवलीच नाही, म्हणून दुसरी धडक जोरात आली. ते आडवे झाले, डोकं जमिनीवर आपटलं.

"अहो पंच, चष्मा घरी ठेवलात?" त्यांच्या संघातला एकजण ओरडला.

"फाऊल कसला? आपण नियम वाचलेत?" मी उलट विचारलं.

आमचं भांडण रंगलं. कुलकर्णी खाली बसून विचारत होते, "चेंडू सुटला होता का?" पुन्हा तेच. पाचव्यांदा विचारलं, तेव्हा भांडण सोडून आम्ही त्यांना गाडीत घातलं.

आता हॉस्पिटलमध्ये त्यांच्या खाटेशी बसलोय.

"चेंडू सुटला होता का?"

"हो, सुटला होता. शिट्टी मी वाजवली नाही. चूक माझी."

त्यांनी डोळे मिटले. उघडले.

"चेंडू सुटला होता का?"

मी पुन्हा कबूल केलं.