लाल टेपखालचा जोड

बाबा, तुमच्या गाडीनं गेले बारा दिवस माझा जीव खाल्लाय आणि चिडायला समोर तुम्हीही नाहीत. आईचं एकच टुमणं, "चालू कर, नाईतं भंगारात दे. अंगनात पाहून पाहून जीव जाते माहा." म्हणून रजा टाकून पांढरकवड्याला आले आणि बॉनेट उघडलं. वायरींवरचं कापड हात लावताच झडत होतं. त्यात तुम्ही सगळीकडे एकाच रंगाची वायर ओढलेली! दिव्याची कुठली, हॉर्नची कुठली, काही पत्ता नाही. जन्मभर ट्रकवाल्यांचं वायरिंग केलंत आणि घरच्या गाडीचं सगळं डोक्यात घेऊन गेलात. टेस्ट लॅम्प लावून एकेक वायर शोधली, चिठ्ठ्या बांधल्या, नवी ओढली. नखं तुटली, पाठ धरली. किल्ली फिरवली तर गाडी सुरू झाली आणि नाक्यापर्यंत जाऊन बंद. थंड झाली की पुन्हा चालू. मी चाकाला लाथ मारली, लागलं मलाच.

तुम्हाला न सापडलेला फॉल्ट तो हाच. शेवटच्या वर्षी हायवेवर, तुमच्याकडे रांग लावणाऱ्या ट्रकवाल्यांदेखत गाडी अशीच बंद पडायची. तुम्ही पॉइंट बदललेत, इंजिनाला ठिणगी देणारी कॉइल बदललीत, वायरींचे जोड उघडून पाहिलेत. मग एक दिवस पाने पेटीत ठेवता ठेवता म्हणालात, "माह्या हातातलं कसब गेलं आता." दुकान उघडणं तिथूनच कमी झालं.

इंजिनाची सगळी वायर मी बदलली, कॉइलकडे जाणारा वीतभर तुकडा सोडून. लाल टेप गुंडाळलेला तो तुकडा त्यातल्या त्यात नवा दिसत होता. आज दुपारी वैतागून तीही टेप सोलली. आत नुसता पीळ, काळा पडलेला. सोल्डरचा थेंब नाही.

ती टेप मी लावलेली आहे, बाबा. गाडी बंद पडायला लागली, त्याच्या आधीच्या दिवाळीला माहेरी आले होते. तुम्ही चष्मा शोधत होता, म्हणून जोड माझ्याकडे दिलात. वर बजावलंत, "नुसता पीळ देऊ नको, गाडी हलली का ढिला होते." सोल्डरिंगची कांडी तापायला वेळ लागत होता आणि माझी परतीची गाडी सुटायला आली होती. तुम्ही विचारलंत, "सोल्डर मारलं का वं?" मी म्हणाले, "हाव." पुढं तुम्ही गाडीतला प्रत्येक जोड उघडलात. तेवढा उघडला नाहीत, कारण तो मी केला होता.

आज तो कापून नीट केला आणि संध्याकाळी आईला हायवेनं लांबवर फिरवून आणलं. गाडी कुठंच थांबली नाही. आई म्हणाली, "काय निघालं वं?"

"उंदरानं वायर कुरतडली होती."

"मंग त्यायले काहून नाई सापडलं?"

"हात थकले होते त्यायचे."

थकले नव्हते, बाबा. हा कागद त्या कापलेल्या जोडाभोवती गुंडाळून तुमच्या पान्यांच्या पेटीत ठेवते आहे. आईला वाचता येतं, म्हणून अगदी तळाशी.