जिन्याचं गाणं

२ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. पिल्लू शाळेत रमलंय. चष्म्याच्या दुकानात मला नेहमीचीच धावपळ. तुमच्या दादांचा खोकला गेला, घोरणं तेवढं राहिलं.

आता कामाचं. दर शनिवारी दादा बँड घेऊन तुमच्या गावच्या क्लबात वाजवतात आणि तुमच्याकडे मुक्काम करतात. त्या बँडमध्ये बेस गिटार मी वाजवायचे. पिल्लू झालं आणि चार वर्षांपूर्वी मी ती चादरीत गुंडाळून कपाटामागे ठेवली. मधे माझ्या जागी कुणी कुणी येऊन गेले, आता एक मुलगी आलीय. दादा तिला नुसतं 'नवी' म्हणतात, पण दिवसातून किती वेळा ते विचारू नका. नवीचा हात हलका, नवीचा ताल पक्का. कानामागून आली आणि तिखट झाली. परवा त्यांनी विचारलं, की महिनाअखेर तिला कायमची ठेवायची की मी परत येणार. मी भांडी घासता घासता म्हणाले, ठेवा की तिलाच. म्हणाले खरी, पण तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

मला तिला एकदा ऐकायचंय. स्वतः येऊन बसले तर सगळे म्हणतील, जळते. जळतेच मी, पण ते तिला कशाला कळायला हवं? म्हणून सोबत छोटा टेपरेकॉर्डर पाठवतेय. क्लबात रेकॉर्डिंगला सक्त मनाई आहे, दारावर पिशव्या तपासतात. तुम्ही शिवणकामातल्या, कुठं दडवायचा ते तुम्हीच ठरवा. दादांना पत्ता लागू देऊ नका.

लोभ आहेच, या खेपेला तो थोडा चोरटा असू द्यावा.

तुमची,
वहिनी

१० मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सोबत कॅसेट आहे. दुसऱ्यांचे कपडे दुरुस्त करण्यात जन्म गेला, तुझ्यापायी आता चोरही झाले. रेकॉर्डर माझ्या जाड कोटाच्या अस्तरात शिवला आणि माइकपुरतं जाळीचं कापड लावलं. दारावरच्या माणसाने पिशवी उपडी केली, तर निघाला सुईदोरा आणि खोकल्याच्या गोळ्या. कोटाकडे बघून त्याने सांगितलं, की आत फार उकडतं. मी म्हटलं, मला गारवा बाधतो.

आत घामाने भिजले तेव्हा कोट काढून, घडी घालून टेबलावर ठेवला. टेबल मिळालं ते नेमकं नवीच्या स्पीकरपुढे. रॉक म्हणजे मला भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटतं, म्हणून इतकी वर्षं दादाने बोलावूनही गेले नव्हते. मला बघून तो गाण्याचे शब्दच विसरायचा, थोडक्यात वाचला.

नवीचे केस बारीक कापलेले, बूट मळके. ती दादाकडे बघतही नाही, आपल्या बोटांकडे बघते. तुझ्या मनात भलतंसलतं असेल तर तसं तिथं काही नाही. तरी जळायचंच असेल तर जळ, पण वेळेवर जेवून जळ.

पिल्लूला गोड पापा. आहे ती माया जपून ठेवावी, ही विनंती.

तुझी,
नणंद

१२ मार्च

वन्सं यांस,
स. न. वि. वि. (या वेळचं जरा कोरडंच समजा.)

पिल्लू शाळेत गेल्यावर दार लावून टेप ऐकली. तुम्ही बसलात तिच्या स्पीकरपुढे, त्यामुळे दादांचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा आणि ही बया थेट माझ्या कानात. ती छान वाजवते. हे लिहिताना पेन मोडेल की काय असं वाटतंय. मी चुका काढायला बसले होते. जाड तारेवरून बारीक तारेवर जाताना माझं बोट घासायचं, कर्रकन आवाज यायचा. तिचं घासत नाही. दातओठ खात दोनदा ऐकलं, तरी घासत नाही.

पण खरं दुखलं ते पुढेच. आमचं जिन्याचं गाणं तुम्हाला आठवत असेल. लग्नाआधी आम्ही दोघांनी मिळून केलेलं, शब्द त्यांचे आणि एकेक पायरी खाली उतरणारा बेस माझा. त्या गाण्यात आता बेसच नाही. तिने ते माझ्याहून चांगलं वाजवलं असतं तरी मी सोसलं असतं. दादांनी माझा भागच काढून टाकलाय. आणि वन्सं, नेमकं तिथंच तुम्ही टेबलावर ठकठक करत बसलात.

मी मत्सरी आहे, मूर्ख नाही. माझ्यावाचून ते गाणं होत असेल तर खुशाल होऊ दे. गिटार विकायची जाहिरात दिलीय, २३ तारखेला एक जण बघायला येतोय. दादांना त्यांचं गाणं लखलाभ.

राग तुमच्यावर नाही, तेव्हा लोभ निदान अर्धा तरी ठेवावा.

वहिनी

१७ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी ती जाहिरात मागे घे, मग पुढे वाच.

तुझं पत्र मिळालं आणि परवा शनिवारी मी पुन्हा क्लबात गेले, या वेळी कोटाशिवाय. टेपला डोळे नसतात, म्हणून मी जे बघितलं ते लिहिते. जिन्याचं गाणं आलं की नवी गिटार खाली ठेवते आणि स्टेजच्या कडेला हाताची घडी घालून बसते. दादा गायला लागतो, आणि जिथं तुझा बेस यायचा तिथं सगळा क्लब तो बोटांनी टेबलांवर वाजवतो. जुनी, नेमाने येणारी माणसं आहेत, त्यांना तो पाठ आहे. मागच्या खेपेला शेजारच्या टेबलावरच्या पोस्टमन आजोबांनी माझा हात धरून शिकवलं, की इथं तीन, मग थांबायचं, मग दोन. मला वाटलं, तिथली रीतच असेल. कोट माझ्या टेबलावर होता, म्हणून टेपवर माझीच बोटं मोठ्याने आली. त्यांच्या मागची ठकठक नीट ऐक.

काल सकाळी चहा घेताना दादाला विचारलंच. कपाकडे बघत म्हणाला, की बाकी सगळं नवी वाजवते, पण ती एक जागा त्याने चार वर्षांत कुणालाही दिलेली नाही. मग वहिनीला तसं का सांगत नाहीस, असं म्हटलं, तर म्हणे, सांगितलं तर ती माझ्यासाठी येईल. तिला वाजवावंसं वाटलं तर यावं. तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना? मग मधे टपालाला आणि मला कशाला राबवता?

टेपचं त्याला सांगितलेलं नाही. पण इतक्या उकाड्यात कोट कशाला घातला होतास, असं त्याने दोनदा विचारलं.

अर्धा लोभ मला चालत नाही, सबंध पाठवावा.

तुझी,
नणंद

२० मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

टेप पुन्हा ऐकली, तुमच्या बोटांपलीकडे कान लावून. मग स्वयंपाकघरात उभी राहून रडले. पिल्लूने विचारलं तेव्हा कांदा चिरत होते म्हणून सांगितलं. घरात कांदा नव्हता.

पण एक सांगते, ही माणसं शेवटची पायरी खातात. तीन, थांबायचं, दोन. आणि मग अगदी हळू आणखी एक सूर, अंधारात जिन्याच्या तळाशी पाय जपून टाकावा तसा. तो हळू असल्यामुळे कुणाच्या लक्षातच राहिला नाही. चार वर्षं माझं गाणं टेबलांच्या ताब्यात आहे आणि टेबलं ते चुकीचं वाजवतायत. नवीचा वाटला नसेल एवढा हेवा मला आता त्या टेबलांचा वाटतोय.

गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. गिटारला नव्या तारा लावल्या. बोटांना फोड आलेत, दुकानात चष्म्याचा बारीक स्क्रू धरवत नाही. दादांना मी काही बोलले नाही. फोड त्यांना दिसले; दोन दिवस भांडी ते घासतायत.

शनिवारी पिल्लूला घेऊन येते. नवीला खुशाल कायमची ठेवू देत, तिची जागा मला नको. मला माझं एक गाणं हवंय. पोस्टमन आजोबांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, त्या गाण्यापुरते हात मांडीवर ठेवा.

आणि ती छान वाजवते हे तिला तुम्ही सांगू नका. मी सांगेन, माझं वाजवून झाल्यावर.

अर्धा राहिलेला लोभ सोबत पाठवलाय, तो पोचता करून घ्यावा. आणि शनिवारी कोट घालून यावं.

तुमची,
वहिनी