दारातून द्यायचं नाही

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! कॉलेजने इंटर्नशिपला पाळणाघर दिलं म्हणून वर्गातल्या पोरींनी नाकं मुरडली होती, मुरडू देत. मला तर जागा बघताक्षणी आवडली. बुटकी बेसिनं, बुटकी कपाटं, आणि खुर्च्या अशा की बसलं की माझे गुडघे हनुवटीला टेकतात. दाराशेजारी खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक दप्तर. एक पोरगी अख्खा दिवस माझ्याभोवती गरगर फिरत होती. तिला सगळे भिंगरीच म्हणतात. पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी तिला माझ्या गळ्यात घातलं. वर म्हणाल्या, ही एका जागी बसलेली दिसली तर मला हाक मार, मुद्दाम बघायला येईन.

आईचे सारखे फोन. जेवलीस का, झोपलीस का. अगं, मी मुलं सांभाळायला आलेय, मला कोणी सांभाळायला नको!

बुधवार, ६

संध्याकाळी मुलांना घरी सोडायचं काम आता माझं. मोठ्या बाईंचा एकच हट्ट आहे, मूल दारातून द्यायचं नाही. न्यायला येईल त्याने आत यायचं, खुंटीवरचं दप्तर स्वतः काढायचं आणि मग पोराचा हात धरायचा. मी विचारलं, ओळखीचं माणूस असलं तरी? तर म्हणाल्या, ओळखीचं असलं तर जास्तच. काय बाई एकेकीचं!

भिंगरीने आज माझ्या वेणीत आणि एप्रनवर रंगीत माती थापली. धुऊनही निघत नाहीये. कार्टी जीव लावते पण.

शुक्रवार, ८

आज नुसता गोंधळ. मोठ्या बाई बाहेर गेलेल्या, एका पोराला उलटी झालेली आणि मी एकटी. तेवढ्यात भिंगरीची आई दारात. म्हणाली, गाडी चालूच ठेवलीय, आत येत नाही, पटकन दे. भिंगरी तर सुसाट धावली. दिली मी. लबाडीने मला टाटासुद्धा केलं नाही.

फरशी पुसून उठते तो भिंगरीची आई आत आली, उशीर झाला म्हणून माफी मागत. माझ्या हातातलं फडकंच गळालं. आता हिला काय सांगू? तोंड उघडणार, तर तिने खुंटीवरचं दप्तर काढलं. दप्तराखाली भिंगरी बसली होती. बूट घालून, हात मांडीवर ठेवून. आईबरोबर गेली. न धावता, चालत.

मी दमलेय, दुसरं काय.

सोमवार, ११

भिंगरी सकाळपासून एका जागी. तिची आई खूश आहे. म्हणाली, तुमच्या हाताला गुण आहे, पोरगी वाढलेलं सगळं मुकाट्याने खाते हो. मी रंगीत माती दिली तर तिने ती नुसती धरून ठेवली. दुपारी सगळी मुलं झोपली, ही डोळे उघडे ठेवून पडलेली. पापणी लवते का बघत मी उभी राहिले. शेवटी मीच नजर वळवली.

मोठ्या बाईंना हाक मारली, म्हटलं बघायला या, बसलीय एका जागी. त्या आल्या नाहीत.

मंगळवार, १२

सगळं सांगून टाकलं त्यांना. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मटकन बुटक्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, मागच्या वर्षी तुमच्या कॉलेजच्या मुलीनेही असंच एक मूल दारातून दिलं होतं. मी विचारलं, मग परत कसं आणायचं? म्हणाल्या, आणायला जायचं नाही. पोरगी घरी पोचली, आई हसतेय, तू गप्प बस.

ती मागच्या वर्षीची मुलगी? ती मजेत आहे म्हणाल्या. अगदी शांत झालीय.

बुधवार, १३

आईला उगाचच फोन केला. म्हणाली, तू कोपरावर शिवून दिलेला निळा स्वेटर घातलाय, तिथला लाल दोरा बघून शेजारणी हसतात. मला रडूच आलं. घरी यायचंय, असं म्हणायचं राहून गेलं.

संध्याकाळी फाटकाबाहेरून हाक — ताई, माझं दप्तर. भिंगरीचा आवाज. आणि भिंगरी माझ्या शेजारी बसलेली. तिनेही ऐकलं. माझा हात घट्ट धरला. गार हात —

गुरुवार, १४

पुन्हा हाक. आज रडत होती. भूक लागलीय म्हणाली. मी दिली तिला, मीच आणणार. उद्या दप्तर घेऊन दारात उभी राहीन. तिने हात लावला की आत ओढायची. मी उंबरठा ओलांडणार नाही. मेले तरी नाही.

शुक्रवार, १५

दारात बसून लिहितेय. हातात पेन असलं की मी जागची हलत नाही. सगळी मुलं गेली, ती गप्प बसणारीही गेली; तिचं दप्तर मी धुवायचंय सांगून ठेवून घेतलं. मोठ्या बाईंनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलंय.

आली. केस विस्कटलेले, एकाच पायात बूट. पाय आपटतेय. हीच. हीच माझी भिंगरी.

कुणाचातरी हात धरलाय. तिच्या आईचा नाही —

निळा स्वेटर. कोपराला लाल दोरा —

घरी फोन लावला. आईनेच उचलला. मागे कुकरची शिट्टी. म्हणाली, मी आहे ना बाळा. फाटकातली पण तेच म्हणाली. त्याच वेळी —

कळतंय मला. सगळं कळतंय. पण तिने हात पसरलेत आणि मला इतकं बरं वाटतंय — भिंगरीने टाटा का नाही केलं ते आता —

दप्तर घेतलं. फक्त उंबरठ्यापर्यंत. एक पाय आतच ठेवून —

मागे बुटकी खुर्ची करकरली. कोणीतरी बसलं. माझाच एप्रन, माझीच वेणी. हात मांडीवर —

आई म्हणतेय, वही असू दे तिथेच, तिला लागेल —